रस्ता कोणाच्या बापाचा?

खंबाटकी घाटात आमच्यामागे अडकलेल्या समस्त चारचाकीवाल्यांना खुलं पत्र



गेल्या नोव्हेंबरातली शनिवारची सकाळ. खंबाटकीच्या चढावर मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो. डाव्या हाताला खडीनं भरलेला ट्रक, पुढे तीसेक स्कूटर, मागच्या सीटवर मुलगी आणि तिच्या मागे तुमचा हॉर्न. ट्रक एकदाचा मागे पडला, मी डावीकडे सरकलो, तशी तुमच्यापैकी एकाची गाडी शेजारी आली. काच खाली गेली आणि प्रश्न आला, "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?" उत्तरासाठी न थांबता ती गाडी माझ्या आणि पुढच्या स्कूटरच्या मधे घुसली. तिचा आरसा माझ्या मुलीच्या कोपराला घासून गेला.

चढावर चेतक चालवणारा माणूस उत्तरं देत बसत नाही, क्लच सांभाळतो. म्हणून ते आता देतो. रस्ता माझ्या बापाचा नाही. स्कूटर मात्र आहे.

वडिलांनी ती १९७९ साली नोंदवली तेव्हा मी बालवाडीत होतो. ती दारात आली तेव्हा सातवीत. मधल्या आठ वर्षांत शेजारच्यांची आली, मामाची आली, आमचा नंबर काही लागेना. परवाने आणि कोट्याच्या त्या काळात ही गोष्ट घरोघरची होती. परकीय चलन भरू शकणाऱ्याला स्कूटर लवकर मिळे. आमच्या घरात परकीय चलन म्हणजे आत्याच्या दिरानं मस्कतहून आणलेलं एक नाणं. शेवटी १९८७ च्या दिवाळीआधी गाडी आली. आई मागे एका बाजूला बसायची, धाकटी बहीण दोघांच्या मधे, मी पुढे फुटबोर्डवर हँडल धरून उभा. चौघांचं ओझं ओढत ती सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायची आणि वडील तिथे पोहोचल्यावर आधी तिच्या बॉनेटवर हात ठेवून ताप बघायचे, मग आमच्याकडे वळायचे. वडील गेले. ती आहे.

आमच्या जुन्या स्कूटरवाल्यांच्या क्लबातल्या बहुतेकांची गोष्ट थोड्याफार फरकानं हीच. साठेक सभासद, त्यांत चेतक सगळ्यात जास्त, मग प्रिया आणि सुपर, चार-पाच लॅम्ब्रेटा, दोन विजय सुपर, काही कानपूरच्या एलएमएल. दर रविवारी सकाळी लहानशी फेरी असते, कधी खडकवासला, कधी पौड, कधी लोणावळा. वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, दोन दिवसांची मोठी रॅली. शनिवारी आकुर्डी ते सातारा, रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला एक चक्कर आणि दुपारी परत. मुंबईचे सभासद आदल्या दिवशीच पुण्यात मुक्कामाला येतात. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, तेव्हा ते जुन्या रस्त्यानं, शिंग्रोबाला नमस्कार करत घाट चढतात.

आकुर्डी ते साताराच का, असं नवा सभासद हमखास विचारतो. महाबळेश्वर आहे, कोकण आहे, गोवा आहे. कारण आमच्या गाड्यांची ही दोन माहेरं आहेत. आकुर्डीच्या कारखान्यात बजाजनं १९७२ साली चेतक आणली, राणाप्रतापांच्या घोड्याचं नाव देऊन. साताऱ्याच्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना होता. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ मध्ये ती कंपनी काढली आणि तिथून प्रिया बाहेर पडू लागली. मूळ मात्र दोघींचं इटलीचं. पियाज्जिओची व्हेस्पा १९४६ साली रस्त्यावर आली आणि तिच्याच परवान्यावर बजाजनं आपल्याकडे स्कूटर बनवायला सुरुवात केली. व्हेस्पाचा आराखडा कोर्रादिनो द'आस्कानिओ या विमान आणि हेलिकॉप्टर क्षेत्रातल्या अभियंत्यानं केला होता. आमच्या गाडीचं चाक एकाच बाजूनं धरलेलं असतं, मोटारसायकलसारखं चिमट्यात नसतं. ही कल्पना विमानाच्या चाकाची. म्हणून पंक्चर झालं की आम्ही आस काढत बसत नाही. तुमच्यासारखेच नट सोडवतो, स्टेपनी लावतो, दहा मिनिटांत निघतो. तुमच्या-आमच्यात एवढं साम्य तरी आहे.

फरक आहे तो दमाचा. चेतकचं इंजिन दीडशे सीसीलाही थोडं कमी, ताकद साडेसात अश्वशक्तीच्या आसपास. तुमच्यातल्या सगळ्यात लहान गाडीतही याच्या पाच-सहा पट जोर असतो. सपाटीला आम्ही पन्नासनं सुखात जातो. चढ लागला, त्यात डबलसीट असलं, की पंचवीस. तुम्हाला वाटतं आम्ही मुद्दाम रमतगमत चाललोय. मूठ पूर्ण पिळलेली असते हो! त्याहून जास्त तिच्यात नाहीच. इंजिनाला वारा लागतो तो आतल्या पंख्याचा, वरून बॉनेटचं झाकण. ताण फार वेळ राहिला आणि तेल कमी पडलं की पिस्टन जागीच जाम होतो, मागचं चाक लॉक होतं आणि गाडी फरपटत थांबते. मागे तुम्ही असता. ती वेळ येऊ नये म्हणून आम्ही तिचा आवाज ऐकत चालवतो.

आता झुंडीनं का जाता, हा तुमचा पुढचा प्रश्न. एकेकट्यानं जा की.

जाऊ शकत नाही म्हणून. चेतकचं उत्पादन थांबून कितीतरी वर्षं झाली. २००९ च्या अखेरीस बजाजनं स्कूटरच बंद करायचं ठरवलं. आकुर्डीत २०१९ नंतर पुन्हा चेतक हे नाव आलं, पण ती विजेवर चालते, तिच्यात आमच्या कामाचा एकही पार्ट नाही. साठीच्या आतला मिस्त्री शोधून सापडत नाही. नव्या मुलांना डाव्या मुठीतले गिअर आणि उजव्या पायाखालचा ब्रेक समजावून सांगावा लागतो. पंपावर टू-टी ऑइल मागितलं तर मुलगा मॅनेजरकडे बघतो. क्लचची वायर तुटली, प्लग शॉर्ट झाला, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला तर महामार्गावर मदतीला येणार कोण? आमच्यातलाच कुणीतरी. एकाच्या डिकीत जादा केबल, दुसऱ्याकडे पॉलिश पेपर आणि दोन प्लग, तिसऱ्याकडे अनुभव. क्लब स्थापन झाला तो असा, गरजेपोटी. हौस नंतर आली, टी-शर्ट त्याच्याही नंतर.

रविवारच्या फेऱ्याही त्यासाठीच. आठवडाभर उभी राहिलेली गाडी एका बाजूला झुकवून किक मारली की तिचं दुखणं कळतं. कुठे ब्रेक ढिला, कुठे गिअर सुटतोय. ते खडकवासल्याच्या चौपाटीवर कळलेलं बरं, खंबाटकीत नको. वर्षभराचा अभ्यास रविवारी आणि परीक्षा नोव्हेंबरात, असं आमचं वेळापत्रक.

परीक्षेत गेल्या वर्षी आम्ही नापास झालो. हे पत्र लिहायचं खरं कारण ते आहे.

त्या शनिवारी रात्री साताऱ्यात जेवताना तुमच्या नावानं यथेच्छ बोटं मोडली गेली. चारचाकीवाले माजलेत, यांना दम नाही, यांना रस्त्यावर फक्त स्वतः दिसतात. मुलीच्या कोपराला हळद लावलेली, त्यामुळे माझा आवाज सगळ्यात मोठा. मग शेवटच्या स्कूटरच्या हँडलला लावलेल्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण एकानं भिंतीवर लावलं. त्यात दिसलं ते असं. आम्ही बेचाळीस जण एका रांगेत. डाव्या बाजूला ट्रक पंधराच्या वेगानं रांगतोय. पुढारी उजवीकडे आला, त्यामागे सगळी रांग उजवीकडे आली. आमचा वेग पंचवीस. दहाचा फरक, आणि रांग अर्धा किलोमीटर लांब. पहिल्या स्कूटरनं ट्रक गाठल्यापासून शेवटचीनं तो सोडेपर्यंत तीन मिनिटं गेली. तीन मिनिटं खंबाटकीचा अर्धा रस्ता ट्रकनं अडवला होता आणि उरलेला अर्धा आम्ही. असं एकदा नव्हे, त्या एका घाटात चार वेळा झालं. शेवटच्या खेपेला मागे दिव्यांची रांग वळणाच्याही पलीकडे गेलेली दिसत होती.

जेवणाच्या टेबलावर कुणी काही बोललं नाही. नंतर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "त्यात एखादी ॲम्ब्युलन्स असती तर?" नव्हती. पण ती नव्हती हे आम्हाला आत्ता, चित्रीकरण पाहून कळत होतं. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं आणि आम्ही मागे वळून पाहिलंही नव्हतं.

आमच्यावर आणखीही आरोप होतात आणि त्यांतले बरेच खरे आहेत. धूर होतो. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळतं, थोडं इंधन न जळताच बाहेर पडतं. तुम्ही काचा लावून एसीत बसलेले असलात तरी तो वास तुमच्यापर्यंत पोचला असणार. दोन टक्के, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर तेल पुरतं. पण घाट आहे, गाडी जाम व्हायला नको, म्हणून आमचे लोक "जरा जास्तच घाल" म्हणत बाटली रिकामी करतात. त्या 'जरा'चा ढग तुमच्या तोंडावर येतो. टोल आम्ही भरत नाही, हेही खरं. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही.

पण फुकटे म्हणू नका. पंधरा वर्षं उलटली की पुनर्नोंदणी, मग दर पाच वर्षांनी पुन्हा तेच, वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी. हे सगळं आम्ही भरतो आणि कागद डिकीत बाळगतो. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम केले. त्यांत मान आहे तो पन्नास वर्षांवरच्या गाडीला, आणि विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. ती प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, दुरुस्ती आणि पेट्रोलसाठीच बाहेर काढायची. म्हणजे माझी चेतक २०३७ मध्ये प्रतिष्ठित होईल, आणि तशी नोंदणी केली तर तिचा मंडईचा रस्ता बंद होईल. त्याआधी तिला चालवून घेतो एवढंच.

असो. गाऱ्हाणं गायला हे पत्र नाही. यंदा आम्ही काय बदललं ते सांगायला आहे.

बेचाळीस जणांची एक रांग आता नाही. आठ-आठांच्या टोळ्या, दोन टोळ्यांत पाच मिनिटांचं अंतर. प्रत्येक टोळीत सगळ्यात हळू गाडी पुढाऱ्याच्या लगेच मागे. पूर्वी ती शेवटी असायची आणि ती गाठेल म्हणून आम्ही अध्येमध्ये थांबायचो, तेही नेमके वळणावर. हळू माणूस पुढे ठेवला की सगळ्यांचा वेग आपोआप ठरतो. हे आम्हाला कुठल्या रायडिंगच्या पुस्तकानं शिकवलं नाही. पालखीच्या वाटेवर आषाढात उभं राहिलात तर दिंडीत चालणाऱ्या म्हाताऱ्या बायका बघा. त्यांना मागे टाकून दिंडी पुढे जात नाही. आमची तुलना वारीशी करायचं पाप माझ्या हातून होणार नाही, पण शिकायला कुणाची बंदी नाही.

टोळीच्या शेवटी मिस्त्री. त्याच्याकडे केबल, प्लग, पान्हे आणि दोरखंड. कुणाची गाडी बंद पडली तर थांबणार तो आणि ज्याची गाडी आहे तो, बाकीचे पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत जातील. घाटात ट्रक ओलांडायचा तर एका वेळी दोघांनीच, तेही आरशात पाहून मागे कुणी नसेल तेव्हा. नाहीतर ट्रकच्या मागे अंतर राखून चालत राहायचं. इंजिन तापलं तर रुंद जागा पाहून डावीकडे थांबायचं आणि बॉनेट उघडून चहा प्यायचा. रेंगाळण्याचं सुख आम्हाला ठाऊक आहे. ते तुमच्या वाटेत उभं राहून घेऊ नये, हे मात्र उशिरा कळलं.

चौकात आडवे उभे राहून तुमची वाहनं थांबवायची आणि आपली रांग काढायची, हा प्रकार बंद. तो अधिकार वाहतूक पोलिसाचा आहे, टी-शर्टवर क्लबचं नाव छापून तो मिळत नाही. वळणावर फोटो बंद. तेलाचं माप ठरलेलं, प्रत्येक बाटलीला वीस मिलिलिटरचं झाकण. हेल्मेट मागच्यालाही, आणि ते नसेल तर डबलसीट नाही. येताना-जाताना आम्ही कात्रजचा जुना घाट धरणार. नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा तो उतार, अवजड गाड्या मागून येत असताना, दहा इंची चाकांच्या स्कूटरसाठी नाही. परतीला खंबाटकीचा बोगदा टळत नाही, पण त्यापुढच्या एस वळणावर सगळे एकामागे एक, ओलांडणं बंद.

हे नियम लिहिल्यावर दोन सभासद रुसले. एक म्हणाले, "मग रॅलीची मजा काय राहिली? बेचाळीस गाड्या एकदम निघाल्या की लोक बघत राहतात." खरं आहे. शिरवळला शाळेची पोरं हात करतात, चहाच्या टपरीवरचा म्हातारा उठून जवळ येतो, "आमच्याकडे पण होती" म्हणतो आणि नंबर पाठ म्हणून दाखवतो. चाळीस वर्षांपूर्वी विकलेल्या स्कूटरचा नंबर! ती मजा आठ गाड्यांतही असते. म्हाताऱ्याला एकच पुरते.

आता तुमच्याकडे मागणं. मोठं नाही.

आम्ही दिसलो की लांबून एकदा हॉर्न द्या, एकदाच. आमच्या इंजिनाच्या आवाजात जवळचा हॉर्न उशिरा ऐकू येतो आणि दचकून हात हलतो. शेवटच्या स्कूटरवाल्यानं हात हलवून पुढे बोलावलं तर निर्धास्त या. त्यानं हात आडवा धरला तर समजा की पुढे काहीतरी आहे, तुमच्या काचेतून ते दिसत नसेल. उजवीकडून पूर्ण टोळी ओलांडा, मधे घुसू नका. दोन स्कूटरमधली मोकळी जागा तुमच्यासाठी ठेवलेली नसते, ती आमच्या ब्रेकसाठी असते. ड्रमब्रेक आहेत हो, तुमच्यासारखे जागच्या जागी नाही थांबत. आणि तुमच्या गाडीत कुणी आजारी असेल, गाडी पकडायची असेल, तर दिवे लावून या. आम्ही सगळे डावीकडे दाबून थांबू. विचारणारही नाही.

आरसा लागला त्याचा राग मी धरलेला नाही, असं लिहिणार होतो. खोटं ठरलं असतं. राग आहे. माझी मुलगी यंदा मागे बसणार नाही. तिनं मार्चमध्ये परवाना काढला, दोन महिने खडकवासल्याच्या रस्त्यावर चेतकचे गिअर शिकली आणि आता रॅलीला स्वतः चालवणार आहे. मी तिच्यामागे डबलसीट. चौथ्या टोळीत, पुढाऱ्याच्या लगेच मागे, कारण सगळ्यात हळू आम्हीच असू.

निळी चेतक, मुलगी चालवतेय, मागे टकलावर हेल्मेट घातलेला माणूस. शनिवारी सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान आम्ही खंबाटकीत असू. दिसलो तर काच खाली करा. या वेळी मला उत्तर द्यायला सवड असेल.



आपला,
एक चेतकवाला
पुणे